पालातल्या दिव्याचा हिशेब
(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज पुस्तकातला धडा नाही. आज एक हिशेब मांडायचा आहे. पाटी आणि लेखणी जवळ घेऊन बसा. ज्यांना गुणाकार अजून अडतो, त्यांनी शेजाऱ्याला विचारावे. त्यात लाज नाही.

पौष सरत आला. आता तुमच्यापैकी पुष्कळ लोक घर सोडून उघड्यावर राहायला जातील. कोणी माघ पुनवेला कचारगडला जाईल. कोणी महाशिवरात्रीला गायमुखच्या यात्रेत पाल ठोकील. वैनगंगेच्या रेतीत ज्यांची डांगरवाडी आहे, ते तर गेलेच आहेत. गोसीखुर्दचे पाणी अडल्यापासून पुष्कळ रेती बुडाली. तरी जिथे रेती उघडी पडते, तिथे अजून टरबूज, काकडीचे वेल लागतात आणि शेजारी झोपडी उभी राहते. पुढे मे महिन्यात तेंदूपानाच्या फळीवर राखणीला माणसे राहतील.

या सगळ्या ठिकाणी डोक्यावर पाल असते आणि खाली जमीन असते. पण खांबावरून आलेली तार नसते. रात्र मात्र तिथेही होते. स्वयंपाकाला दिवा लागतो. पोरासोरांना बाहेर न्यायला दिवा लागतो. आता मोबाईलही भरावा लागतो. उन्हाळ्यात म्हातारे माणूस पंखा मागते.

म्हणून लोक बाजारात जाऊन बॅटरी आणि सोलरचा पत्रा आणतात. दुकानदार म्हणतो, "घेऊन जा, रात्रभर चालते." दोन रात्री चालते. तिसऱ्या रात्री अंधार होतो. मग लोक म्हणतात, सोलर म्हणजे फसवणूक. माझे म्हणणे असे की, घेताना कोणी डब्यावरचे आकडे वाचले नाहीत. पूर्वी वाचता येत नव्हते. आता येते. मग वाचा ना!

आधी जुन्या दिव्यांविषयी थोडे बोलतो.

माझ्या लहानपणी पालात कंदील असे. गरिबाकडे चिमणी असे. दिवाळीनंतर मंडई भरे, रात्री दंडार होई, नाटक होई. मांडवात चार गॅसबत्त्या टांगत. पेट्रोमॅक्स हे तिचे नाव जर्मनीतून आले. बर्लिनच्या कारखान्यात माक्स ग्रेट्झ नावाचे गृहस्थ होते. पेट्रोलियममधले पेट्रो आणि त्यांचे माक्स, असे ते नाव जुळवले. तर एक माणूस रात्रभर त्या बत्त्यांच्याच मागे असे. बत्ती मंदावली की तो रंगमंचावर चढून हवा भरी. तोवर राजा हात वर करून तसाच उभा राही. आम्हां पोरांना नाटकापेक्षा त्या बत्तीवाल्याचीच मौज वाटे.

पण कापडाच्या पालात रॉकेलचा दिवा म्हणजे उशाशी विस्तव. झोपेत पाय लागला, वारा आला, शेळीने धक्का दिला, की पाल पेटते. आजकालचे प्लास्टिकचे पाल तर वितळून अंगाला चिकटते. म्हणून पालात उघडी ज्योत नको. चूलही पालाच्या बाहेर, वाऱ्याची दिशा पाहून मांडावी.

आता पर्याय आला आहे. तो म्हणजे एलईडीचा दिवा. पूर्वीचा काचेचा गोळा ६० वॅटचा असे. तेवढाच उजेड हा दिवा ९ वॅटमध्ये देतो. लाल आणि हिरवे एलईडी फार पूर्वीपासून होते. निळा जमत नव्हता, म्हणून पांढरा उजेड होत नव्हता. तो निळा दिवा आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांनी जपानमध्ये काम करून साधला. त्याबद्दल त्यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एवढ्याशा विजेत एवढा उजेड मिळतो, म्हणूनच आज झोपडीत बॅटरीवर दिवा लावणे परवडते.

आता पाटी घ्या.

कोणत्याही दिव्यावर, पंख्यावर, पत्र्यावर काही इंग्रजी अक्षरे असतात. त्यांतली तीन ओळखली की पुरे. पहिले अक्षर दोन खळगे शेजारीशेजारी काढल्यासारखे दिसते. ते डब्ल्यू. त्याचा अर्थ वॅट. एकच खळगा असेल तर ते व्ही. त्याचा अर्थ व्होल्ट. तिसरे अक्षर आपल्या पालासारखे दिसते. दोन बाजूंनी उतार आणि मध्ये आडवी काठी. ते ए. त्याच्या शेजारी पाठ सरळ असलेल्या खुर्चीसारखे अक्षर असते, ते एच. ए-एच म्हणजे अँपिअर-तास.

वॅट म्हणजे त्या वस्तूची एका तासाची भूक. ५ वॅटचा दिवा तासाला ५ घास खातो. चार तास लावला तर ५ गुणिले ४, म्हणजे २० घास. या घासाला वॅट-तास म्हणतात. असे १००० वॅट-तास झाले की एक युनिट होते. हे तेच युनिट, जे तुमच्या घरच्या वीजबिलावर छापलेले असते.

बॅटरी म्हणजे ढोली. आपण धान ढोलीत भरतो, तशी बॅटरीत वीज भरतो. ढोलीत किती मावते, ते बॅटरीवर लिहिलेले असते. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करा. १२ व्होल्ट आणि ४० अँपिअर-तास असेल तर १२ गुणिले ४० म्हणजे ४८० वॅट-तास. हे अर्ध्या युनिटापेक्षाही कमी झाले. आणि बॅटरी उचलून पाहा, घामाघूम व्हाल.

बॅटरी काही नवलाची नाही. मतदानाचे यंत्र तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. ते बॅटरीवरच चालते. म्हणून जिथे वीज नाही, त्या पाड्यावरही मतदान होते. पण त्या यंत्राची भूक लहान आहे. आपली भूक आपण मोजली पाहिजे.

एका डांगरवाडीचा हिशेब मांडू. झोपडीत नवरा, बायको, म्हातारी आई आणि दोन मुले आहेत.

५ वॅटचे दोन दिवे, चार-चार तास. ५ गुणिले २ गुणिले ४. झाले ४०.
बाहेर ९ वॅटचा एक दिवा, दोन तास. झाले १८.
दोन मोबाईल. एक मोबाईल भरायला साधारण २० लागतात. झाले ४०.
म्हातारीसाठी बॅटरीवरचा लहान पंखा, १२ वॅटचा, सहा तास. झाले ७२.

बेरीज करा. १७०. तारेत, जोडात थोडी वीज वाया जाते. म्हणून २०० धरा. म्हणजे या कुटुंबाला पाच रात्रींत मिळून एक युनिट लागते. एवढ्यात पाच माणसांचा संसार उजेडात चालतो. पाहा, पंखा सर्वांत खादाड निघाला. दिवे बिचारे गरीब.

आता ढोली केवढी हवी? ४८० ची बॅटरी २०० च्या भुकेला दोन रात्री पुरेल, असे तुम्ही म्हणाल. इथेच लोक चुकतात. शिशाची, तेजाबाची बॅटरी पूर्ण रिकामी करू नये. अर्धी वापरावी, अर्धी ठेवावी. बियाण्याचे धान आपण खातो का? खाल्ले तर पुढच्या साली पेरायला काय उरेल? तसेच हे आहे. पुन्हापुन्हा तळ गाठला की बॅटरीच्या आतल्या पाट्या खराब होतात आणि वर्षभरातच ती भंगारात जाते. म्हणून ४८० पैकी २४० च आपले. एक रात्र निभते. ढग आले तर दुसऱ्या रात्री पंचाईत. १२ व्होल्ट ७५ अँपिअर-तासाची घेतली तर ९०० होतात. अर्धे ४५०. दोन रात्री निर्धास्त.

लिथियमची बॅटरी निघाली आहे. ती वजनाला निम्म्याहून हलकी असते आणि तिच्यातले पाचापैकी चार हिस्से वापरता येतात. पैसे जास्त पडतात. ज्याला डोक्यावर ओझे घेऊन डोंगर चढायचा आहे, त्याने तीच घ्यावी. ज्याची बंडी झोपडीपर्यंत जाते, त्याला शिशाची चालेल. पण लिथियमची बॅटरी फुगलेली दिसली तर वापरू नये. तिला खिळा लावू नये. भर उन्हात ठेवू नये.

काही जण ट्रॅक्टरची बॅटरी काढून पालात दिवा लावतात. ती बॅटरी वेगळ्या कामाची आहे. इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा जोर लावायचा, एवढेच तिचे काम. रात्रभर हळूहळू वीज काढली की ती लवकर मरते. आणि सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नाही. मग चार माणसे रेतीत ट्रॅक्टर ढकलत बसतात.

आता ढोली भरायची कशी? सूर्याने. सिलिकॉनची पहिली कामाची सौरपट्टी १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाली. आज ती आपल्या वाडीवर आली आहे. पत्र्यावर ७५ वॅट लिहिले असेल, तर भर उन्हात तासाला ७५ मिळतात. पण दिवसभर भर ऊन नसते. सकाळी तिरपे, संध्याकाळी तिरपे. सगळे मिळून चार तासांचे पूर्ण ऊन धरावे. ७५ गुणिले ४ म्हणजे ३००. धूळ, उष्णता, तार यांत तिसरा हिस्सा सोडा. उरले २००. आपली भूक २०० होती. म्हणजे या झोपडीला ७५ वॅटचा पत्रा जेमतेम बसला. ४० वॅटचा घेतला असता तर रोज ढोलीतून काढणे जास्त आणि भरणे कमी झाले असते. तिसऱ्या रात्री अंधार होतो, तो असा.

पत्रा दक्षिणेकडे तोंड करून ठेवा. आपला भंडारा जिल्हा विषुववृत्तापासून साधारण २१ अंश उत्तरेला आहे. म्हणून पत्र्याला तेवढाच उतार द्यावा. हे कसे मोजाल? पत्रा १०० बोटे लांब असेल तर त्याची मागची कड पुढच्या कडेपेक्षा सुमारे ३६ बोटे उंच करा. झाले २१ अंश. सावली एका कोपऱ्यावर पडली तरी पुष्कळ वीज कमी होते. म्हणून झाडाखाली पत्रा नको. वाळत घातलेले लुगडेसुद्धा त्यावर सावली टाकणार नाही, असे पाहा. रेतीत धूळ फार. सकाळी ओल्या फडक्याने पुसा, तापल्यावर गार पाणी ओतू नका.

एक गोष्ट ऐकून तुम्हांला नवल वाटेल. ऊन पाहिजे, पण तापणे नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. पत्रा तर त्याहून कितीतरी जास्त तापतो. तापलेला पत्रा सहावा-सातवा हिस्सा वीज कमी देतो. म्हणून फळीवर पत्रा जमिनीला टेकवू नका. खालून वारा खेळू द्या.

पत्रा आणि बॅटरी यांच्यामध्ये एक लहान डबी लावतात. तिला चार्ज कंट्रोलर म्हणतात. बॅटरी भरली की ती वीज थांबवते. बॅटरी फार उतरली की दिवे बंद करते. दुकानदार म्हणेल, "हिच्याविनाही चालते." चालते, पण बॅटरी उकळते. डबी घ्याच.

आणखी एक. १२ व्होल्टच्या तारा जाड हव्यात. घरात वीज २३० व्होल्टची असते. त्याच कामाला १२ व्होल्टवर तारेतून सुमारे एकोणीस पट प्रवाह जातो. बारीक तार असेल तर ती तापते आणि दिव्यापर्यंत पोहोचताना वीज अर्धमेली होते. तार जितकी जाड आणि जितकी आखूड, तितके बरे. बॅटरीच्या लाल टोकाजवळच फ्यूज बसवा. तार कुठे खरचटली आणि दोन टोके भिडली, तर फ्यूज जळेल, पाल जळणार नाही.

मागच्या आठवड्यात या वर्गातल्या एकाने मला मोबाईल भरायची पॉवर बँक दाखवली. म्हणाला, "गुरुजी, यावर वीस हजार लिहून आहे. मोबाईल पाच हजाराचा. मग चार वेळा भरते ना?"

मी म्हटले, "आपण मांडून पाहू." वीस हजार मिलिअँपिअर-तास म्हणजे २० अँपिअर-तास. आतला व्होल्ट १२ नसतो, ३.७ असतो. २० गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॅट-तास. त्यातही तिसरा हिस्सा वाया जातो. हाती येतात ५०. मोबाईलला २० लागतात. म्हणजे अडीच वेळा. तो म्हणाला, "मग हे खोटं लिहून आहे काय?" खोटे नाही. पण मोठा आकडा दाखवून विकणे हा व्यापार झाला. आकडा कशाचा, हे आपण विचारायचे.

तसेच काही टॉर्चवर, काही दिव्यांवर, मूठभर आकाराचे असूनही २०० वॅट लिहिलेले आढळते. तळहातावर मावणारा दिवा २०० वॅट खात राहिला, तर त्याला हात लावता येणार नाही. अशा दुकानातून नमस्कार करून बाहेर पडावे.

आता, बॅटरीवर काय लावू नये? ज्यात वीज तापते, ते काही लावू नये. इस्त्री, पाणी तापवायची कांडी, विजेची शेगडी, यांची भूक हजार, दीड हजार वॅटची असते. आपली ४५० ची ढोली अर्ध्या तासाच्या आत खाली होईल. चहा चुलीवरच करा. पाण्याचा पंपही नको. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तासभर चालवला तर आपल्या झोपडीच्या जवळजवळ चार रात्रींची वीज संपली. पंपाला त्याचा वेगळा पत्रा हवा, नाहीतर तेलाचे इंजिन. इन्व्हर्टर बसवून घरचा मोठा पंखा लावायचा मोह होतो. इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो. दिवे, पंखा, मोबाईल थेट १२ व्होल्टवर चालणारे घेतले तर तो लागतच नाही.

शिशाची बॅटरी झोपायच्या जागेपासून दूर ठेवा. भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तो भडका घेतो. तिच्याजवळ बिडी ओढू नका. वर मोकळी हवा हवी. बॅटरी पेटीत ठेवली तर पेटीला भोके पाडा. तिच्या दोन टोकांवर एकाच वेळी पाना पडला, कोणाचे धातूचे कडे टेकले, तर मोठी ठिणगी उडते आणि हात भाजतो. म्हणून पेटीवर झाकण असावे. तेजाब अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर पाण्याने धूत राहावे आणि दवाखान्यात जावे. पाणी कमी झाले तर बॅटरीत विहिरीचे पाणी घालू नये. दुकानात बॅटरीचे शुद्ध पाणी मिळते, तेच घालावे.

पावसाळ्यात सोलरचा भरवसा नाही. नागपंचमीच्या सुमारास आपल्या भागातली माणसे पचमढीला नागद्वारच्या यात्रेला जातात. सातपुड्यात तेव्हा धुके आणि पाऊस. तिथे पत्रा वाहून नेण्यात अर्थ नाही. घरून टॉर्च आणि पॉवर बँक भरून न्यावी, प्लास्टिकच्या पिशवीत बांधावी. सोबत कोरड्या सेलची एक टॉर्च असावी. डोक्याला बांधायची टॉर्च चांगली. दोन्ही हात मोकळे राहतात. तिथे लोखंडी शिड्या चढायच्या असतात.

मोठ्या यात्रेत मंडळे स्वयंपाकाचे मांडव घालतात. तिथे जनरेटर येतो. आपल्या झाडीपट्टीतल्या नाटकांनाही तो असतोच. जनरेटरचे काम मोठे आहे, पण त्याच्या धुरात एक विषारी वायू असतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. बंद पालात जनरेटर ठेवला, किंवा थंडीत कोळशाची शेगडी पालात घेऊन दार बांधून घेतले, तर झोपलेला माणूस जागाच होत नाही. आवाज नको म्हणून जनरेटर कनातीच्या आत ढकलणारे लोक मी पाहिले आहेत. तो पालापासून निदान वीस फूट दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, धुराचे तोंड पलीकडे करून ठेवावा. चालू असताना पेट्रोल ओतू नये. आणि भजनाला एवढा मोठा भोंगा कशाला लागतो, हे मला अजून कळलेले नाही. देव काय बहिरा आहे? पण ते असो.

आता जरा कठोर बोलतो.

जवळून तार गेलेली दिसली की काही जण बांबूने आकडा टाकतात. रात्रीपुरता, म्हणतात. पालाखाली ओली रेती, हातात ओला बांबू, वर उघडी तार. एकदा हात चुकला की दुसरी संधी नाही. आणि ही चोरी आहे. २००३ च्या वीज कायद्यातल्या १३५ कलमाखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. यात्रेला, मांडवाला वीज हवी असेल, तर महावितरणकडे अर्ज करून तात्पुरती जोडणी मिळते. अर्ज आता तुम्ही स्वतः लिहू शकता. लेखनिकाला पैसे द्यायला नकोत.

त्याहून वाईट म्हणजे रानडुकरासाठी वाडीभोवती तार बांधून तिच्यात वीज सोडणे. नागझिऱ्याहून उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या जंगलात आलेला जय वाघ तुम्हांला माहीत आहे. त्याचा बच्चा श्रीनिवास एप्रिल २०१७ मध्ये नागभीडच्या बाजूला अशाच तारेला चिकटून मेला. वाघाचा बोभाटा होतो. पण अशा तारांना चिकटून आपली माणसेही मेली आहेत. पाणी सोडायला पहाटे निघालेला शेजारी, गाय शोधायला आलेले पोर. डुक्कर आवरायचे असेल तर झटका मशीन मिळते. ते क्षणभराचा झटका देते आणि थांबते, मारत नाही. ते चांगल्या दुकानातले, पावतीसह घ्यावे. घरच्या विजेची तार कुंपणाला कधीही जोडू नये.

आता दिवा कुठे टांगायचा, ते सांगतो. पुष्कळ लोक तो बरोबर अंथरुणावर टांगतात. दिव्यावर किडे येतात. किड्यांमागे बेडूक, पाली येतात. त्यांच्यामागे साप येतो. म्हणून मोठा दिवा दाराबाहेर, चार पावले दूर टांगावा. आत लहान, पिवळसर दिवा ठेवावा. पिवळ्याकडे किडे कमी येतात.

आपल्याकडे मण्यार आहे. ती रात्रीच फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश कधीकधी मुंगी चावल्याइतकाही दुखत नाही. माणूस पुन्हा झोपतो. पहाटे पोट दुखते, पापण्या उघडत नाहीत, मग श्वास अडकतो. म्हणून खाट असेल तर खाटेवर झोपा. नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा चारी बाजूंनी अंथरुणाखाली दाबा. टॉर्च उशाशी, हात लांबवला की सापडेल अशी. पाय खाली टेकवण्याआधी उजेड पाडा. पायताण झटकून घाला. पहाटे अंधारात मोहफुले वेचायला जाणाऱ्या बायांनी तर टॉर्चशिवाय पाऊल टाकू नये. हाताने पाला सारण्याआधी काठीने सारा.

साप चावला असे नुसते वाटले तरी जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळून बांधू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला चालवू नका. १०८ वर फोन करा आणि सरकारी दवाखान्यात न्या. सापाच्या विषावरची लस तिथे असते.

फोन करा म्हणालो. पण फोनमध्ये वीज पाहिजे! म्हणून ढोलीतला शेवटचा घास मोबाईलचा. बॅटरी उतरली तर आधी पंखा बंद करा, मग बाहेरचा दिवा. आत एक लहान दिवा पुरे. पोरांना रात्री त्याच मोबाईलवर सिनेमा पाहू देऊ नका. नदीत राहणाऱ्यांना तर फोन दोन कारणांनी हवा. धरणातून पाणी सोडणार असले तर निरोप त्यावरच येतो. रात्री रेतीतून सामान हलवायचे म्हणजे उजेडही तेव्हाच लागतो.

बॅटरीत किती उरले, हे कसे कळेल? व्होल्ट दाखवणारी लहान पट्टी बाजारात मिळते. तिच्यावर आकडा दिसतो, मध्ये ठिपका असतो. १२ व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीला दिवे बंद ठेवून थोडा वेळ थांबलात आणि १२.६ दिसले, तर ती भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी झाली, आता हात आखडा. बाया ज्या बारकाईने तांदूळ मोजतात, त्या बारकाईने हा आकडा त्यांनीच पाहावा, असे माझे मत आहे. पुरुष विसरतात.

पावसाळा लागला की वाडी मोडते, पाल घडी होते. तेव्हा बॅटरी रिकामी करून कोपऱ्यात टाकू नका. पूर्ण भरून, टोके पुसून, कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा पुन्हा भरा. पत्रा छपरावर ठेवून दिला तर हे काम आपोआप होते.

ज्यांच्याकडे पत्रा, बॅटरी, दिवे आहेत, त्यांनी त्यांच्या मागचे आकडे पाटीवर उतरवून सोमवारी आणावे. जसे दिसतात तसे उतरवा, ठिपकासुद्धा सोडू नका. ज्यांना नवीन घ्यायचे आहे, त्यांनी पालात किती दिवे, किती तास, किती मोबाईल, एवढे लिहून आणावे. गुणाकार इथे सगळे मिळून करू. तोवर कोणी बाजारात पैसे देऊन मोकळे होऊ नये.